कॅराव्हॅन घाट उतरते तेव्हा

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या सटन बँक घाटात कॅराव्हॅन न्यायला बंदी आहे. तिथे चढ 4 मीटरला 1 मीटर इतका तीव्र, वर अवघड वळणं. चढताना इंजिन दमतं, हे सगळ्यांना दिसतं. मला धास्ती वाटते ती उतरण्याची. गाडी आणि मागची कॅराव्हॅन मिळून 3000 किलो धरा. वेग न वाढू देता 100 मीटर उंची उतरायची, तर सुमारे 29 लाख ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. एवढ्यात जवळपास 9 लिटर पाणी उकळीला येईल! हा भार एकट्या ब्रेकवर टाकला, की ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होऊ शकतात. वाफ दाबली जाते, पेडल खाली जातं, चाकं मात्र थांबत नाहीत. म्हणून खालचा गिअर उतार लागण्याआधीच टाकायचा. मग बराचसा भार इंजिन पेलतं.