वजूच्या चुळीत रक्त

पाच वेळा वजू होणाऱ्या घरात तोंडातले रक्त खरे तर लवकर दिसायला हवे. पांढऱ्या बेसिनमध्ये लालसर चूळ लपत नाही. तरी आम्हाला उशिरा कळले, म्हणून हे लिहितो आहोत.

सांगलीच्या आमच्या वर्गातली सातवीची मुलगी. पावसाळ्यात तिला चार दिवस ताप येऊन गेला. दोन आठवड्यांनी तिच्या अम्मी म्हणाल्या, "मॅडम, सकाळी हिच्या उशीवर रक्ताचे डाग असतात." आम्ही शिक्षकच, नीट ब्रश कर, असा उपदेश करून मोकळे झालो. हिरड्यांतून रक्त येते ते बहुतेकदा दातांवरच्या किटणामुळे, हे खरेच. पण हिच्या हिरड्या सुजलेल्या नव्हत्या आणि रक्त आपोआप झिरपत होते. साताऱ्याच्या खालांनी फोनवर पपईच्या पानांचा रस सांगितला, त्यात तीन दिवस गेले. अंग दुखते म्हणून घरातली आयबुप्रोफेनची गोळीही दिली गेली. ही गोळी आणि ॲस्पिरिन प्लेटलेटचे काम बिघडवतात, हे कुणाला ठाऊक होते?

दातांच्या डॉक्टरांनी टॉर्च मारला. टाळूवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, गालाच्या आत काळपट जांभळा रक्ताचा फोड. नडगीवरही ठिपके, काचेचा ग्लास दाबला तरी फिके पडेनात. दातांना हात न लावता त्यांनी सीबीसी करायला पाठवले. प्लेटलेट दीड ते साडेचार लाख हव्यात, निघाल्या 14 हजार. त्याच रात्री मिरजेच्या सरकारी रुग्णालयात नेले.

निदान झाले आयटीपी. तापानंतर शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून आपल्याच प्लेटलेट नष्ट करते. मुलांमध्ये हा आजार बहुधा काही महिन्यांत बरा होतो. मेंदूत रक्तस्राव क्वचितच, पण होऊ शकतो. डेंग्यूत, यकृताच्या आजारात, रक्ताच्या कर्करोगातही प्लेटलेट घटतात, म्हणून घरीच नाव ठरवू नये.

अम्मींनी मुलींना पाळीचेही विचारावे. रक्तस्राव जास्त होतो, हे लाजेपोटी त्या सांगत नाहीत. ठिपके, तोंडात फोड, दाबूनही न थांबणारा घोळणा, काळी शौच किंवा जोराची डोकेदुखी असेल तर सकाळची वाट पाहू नका. अशा दिवसांत मिसवाकही बाजूला ठेवून मऊ ब्रश वापरावा. रोजा राहतो की नाही, ते मौलानांना विचारा. रक्त का येते, ते डॉक्टरांना.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलगी शाळेत परतली. खो-खोला परवानगी नव्हती. मैदानाच्या कडेला वही देऊन तिला गुण लिहायला बसवले.