कासचे राखणदार

कासच्या पठाराला संरक्षणार्थ घातलेले लोखंडी कुंपण पुढे फुलांच्याच हिताकरिता काढून टाकावे लागले, हे कानी आल्यापासून ती जागा एकदा स्वस्थपणे पाहावी अशी इच्छा होती. म्हणून ऐन भाद्रपदात साताऱ्याहून 25 किलोमीटरचा घाटरस्ता चढून त्या धुकट माळावर गेलो. नाक्यावरच्या कारकुनाने नोंद तपासली आणि दिवसाकाठी 3,000 इसमांपलीकडे कुणास आत सोडण्याची मुभा नाही, असे न विचारताच बजावले.

आत पाऊल टाकतो तोच शिट्टी वाजली. छायाचित्राच्या मोहाने एक तरुण तेरड्याच्या ताटव्यात उतरला होता, आणि भोवतालच्या गावांच्या वनव्यवस्थापन समितीने पहाऱ्यावर नेमलेली, डोईवर प्लास्टिकची खोळ घेतलेली एक प्रौढ बाई त्याला दुरूनच हुसकावीत होती. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर इतका पातळ की वृक्षाला तेथे थारा नाही, आणि पोषण इतके तुटपुंजे की ‘सीतेची आसवे’ ही निळ्या फुलांची नाजूक वनस्पती चिखलातल्या आपल्या सूक्ष्म पिशव्यांत जलजंतू पकडून निर्वाह करते. सुमारे 850 जातींच्या सपुष्प वनस्पतींचा संसार चालतो तो या दारिद्र्यावर.

गुरे चरत तोवर उंच गवत आटोक्यात राही आणि ठेंगण्या झुडपांना ऊन मिळे. कुंपणाने गुरे अडली, गवत माजले आणि फुले रोडावल्याची ओरड झाली. 2012 साली कासचे नाव जागतिक वारशाच्या यादीत चढले खरे; परंतु त्याआधी कित्येक पिढ्या हे सौंदर्य नकळत राखणारा गुराखी रक्षणाच्या आवेशात हद्दपार व्हावा, हा न्याय मला तरी अजब वाटला.

“फुलांचं काय, ती आपसूक येत्यात,” बाई म्हणाल्या, “राखायचं ते माणसास्नी. तीन हजार म्हंजी सहा हजार पाय झालं की!” आणि बोलता बोलता पुन्हा शिट्टी. शेणाचा ओलसर वास त्या माळावर कुठेतरी येईल म्हणून मी उगाच शोधीत राहिलो. मोटारींच्या धुराचाच तेवढा आला.

“आता कुंपण नाही, मग गुरे सोडता की नाही, मावशी?” मी विचारले.

“सोडाया गोठ्यात पायजेत न्हवं! चारायची बंदी झाली तवाच इकली. आता हंगामापुरता ह्यो पहारा, मग पोरगा मुंबईहून धाडंल त्यावर.”

एवढे बोलून त्या तरातरा पुढे निघाल्या. सोनकीच्या ताटव्यात एका कुटुंबाने चक्क सतरंजी अंथरली होती.