रीस्टार्टनंतरही टिकणारा पत्ता

संगणकाला स्वतःशीच बोलायचं असतं तेव्हा तो १२७.०.०.१ हा पत्ता वापरतो. त्या पत्त्यावर धाडलेली माहिती वायफायपर्यंत जातच नाही, आतल्या आत परत फिरते. या लूपबॅकच्या सोयीसाठी १२७ने सुरू होणारे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते राखीव आहेत. लिनक्स त्यातल्या कोणत्याही पत्त्याला आपणहून ओ देतो. मॅक मात्र फक्त १२७.०.०.१ ओळखतो. १२७.०.०.२ हवा असेल तर टर्मिनलमध्ये ‘आयएफकॉन्फिग’ची आज्ञा देऊन तो जोडावा लागतो आणि मॅक रीस्टार्ट केला की तो पुसला जातो. म्हणूनच ही आज्ञा रोज हाताने देत बसू नये; यंत्र सुरू होतानाच ती आपोआप चालेल, अशी तजवीज करावी.

मुळात दुसरा पत्ता हवाच कशाला, वेगळा पोर्ट घेतला की झालं, असं कोणी म्हणेल. एकट्यादुकट्या प्रोग्रामसाठी ते पुरतं. पण दोन वेबसाइट एकाच मॅकवर तपासायच्या असतील तर पोर्ट बदलूनही पत्ता एकच राहतो, आणि ब्राउझर कुकी वेगळ्या ठेवताना पोर्ट पाहत नाही. दोन्ही साइटच्या लॉगिनच्या कुकीचं नाव सारखं असलं की एकीत लॉगिन करताच दुसरीतून बाहेर पडायला होतं. दोष कोडमध्ये नसतो, तरी शोध तिथेच घेतला जातो. प्रत्येकीला स्वतंत्र पत्ता दिला की हा घोळ मुळातच मिटतो.

कायमची सोय करणंही अवघड नाही. मॅकमध्ये २००५पासून असलेला लाँचडी हा प्रोग्राम यंत्र सुरू होताना ‘लाँचडीमन्स’ फोल्डरमधल्या फाइली वाचतो. तिथल्या छोट्या फाइलीत आज्ञेचा प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर लिहायचा आणि ‘सुरू होताच चालव’ ही खूण करायची. फाइलीची मालकी रूटकडे हवी. इतरांना तिच्यात लिहिता येत असेल तर लाँचडी ती नाकारतो. सुरू होताना रूटच्या अधिकाराने काही चालवणं धोक्याचं, ही शंका रास्त आहे. पण फाइलीत आज्ञा एकच, ती कोणालाही वाचता येते आणि तो पत्ता यंत्राबाहेरून गाठता येत नाही. हाताने दिलेली आज्ञा मात्र देणाऱ्याच्याच डोक्यात राहते. तो रजेवर असताना मॅक रीस्टार्ट झाला, तर बाकीच्यांना साइट का बंद पडली हेच कळत नाही. फाइल असली तर पत्ता टिकतो आणि तो कुठून आला हेही कोणालाही पाहता येतं.