पाण्याची गोष्ट चारचौघांत

पवना नदीवर आपल्या मावळात धरण आहे. धरणातलं पाणी नदीत सोडतात. काठचे शेतकरी ते उपसतात आणि पिकं काढतात. तेच पाणी खाली पिंपरी-चिंचवड शहर पितं. पुढे ठरलं, की हे पाणी बंद नळातून थेट शहराला न्यायचं. शेतकरी म्हणाले, मग नदीत काय उरणार? 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर त्यांनी रस्ता अडवला. पोलिसांनी गोळीबार केला. तिघांचा जीव गेला. त्यांत एक बाई होती.

असे प्रश्न वेळेवर चारचौघांत बोलायला कायद्याने एक जागा दिली आहे. ती म्हणजे ग्रामसभा. वर्षातून निदान चार वेळा ती भरवावी लागते. तिच्या आधी बायांची निराळी सभा घ्यायची असते.

दूर अमेरिकेतही गावसभा आहेत बरं का. तिथल्या वर्मोंट राज्यात मार्च महिन्याच्या पहिल्या मंगळवारी गावोगाव सभा असते. पुष्कळ गावांत लोक समोरासमोर वाद घालतात. रस्त्यावर किती पैसा घालायचा, ते तिथंच मतं घेऊन ठरतं.

खरं सांगायचं, तर धरण काही ग्रामसभेच्या ताब्यात नाही. पण गावाचं म्हणणं ठरावात आलं, तर ते कागदावर राहतं. ते वर पाठवता येतं. पारावरचं बोलणं पारावरच राहतं. आम्ही पाहतो, कितीतरी जण हजेरीच्या वहीत सही करतात आणि उठून जातात. ठराव मागाहून लिहिला जातो. तुम्हाला आता वाचता येतं. तेव्हा जरा थांबा. ठराव कसा लिहिला, ते सभेतच वाचून घ्या. आपलं बोलणं त्यात नसेल, तर तिथंच लिहायला सांगा.