नवा डिस्ट्रिब्युटर बसवला, तरी गाडी बंद का पडते?

मे महिन्यात झाशीचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा दुपारी इलाइट चौराह्यावर जुनी मारुती ८०० किंवा ॲम्बेसेडर बंद पडली, की कारण आधीच ठरलेलं असतं: उन्हानं पेट्रोलची वाफ झाली. आठवड्यापूर्वी नवा डिस्ट्रिब्युटर बसवलेला असेल, तर दुसरं कारणही तयार असतं: माल डुप्लिकेट निघाला. दोन्ही गोष्टी खरोखर घडतात. पण न तपासता त्यावर विसंबून मालक आधी फ्युएल पंप बदलतो, मग कॉइल, मग कार्ब्युरेटर उघडायला देतो. आणि दोष जिथं होता तिथंच राहतो. दिल्ली-एनसीआरमधला पेट्रोल गाड्यांचा १५ वर्षांचा नियम झाशीला लागू नाही. तंदुरुस्ती तपासून इथं नोंदणी ५-५ वर्षांनी वाढवता येते. त्यामुळे डिस्ट्रिब्युटरवाल्या गाड्या इथं अजून चालतात आणि त्या नीट चालाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात पक्का गैरसमज असा: गाडी सुरू होते, म्हणजे टायमिंग बरोबर आहे. खरं तर टायमिंग बरंच चुकलेलं असलं तरी इंजिन सुरू होतं. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा डिस्ट्रिब्युटरचा एक होतो. म्हणून त्याची बॉडी हातानं ५ अंश फिरवली, की ठिणगी क्रँकच्या मापात १० अंश सरकते. ठिणगी उशिरा पडू लागली, की आयडलिंग खाली येतं, इंजिन तापतं, आणि चौकात ब्रेक मारून थांबलं की गाडी बंद. तिरप्या दात्यांच्या गिअरवर चालणारा डिस्ट्रिब्युटर आत उतरताना थोडा फिरतो, त्यामुळे तो एक दाता चुकून बसणं अगदी सहज होतं. मग बॉडी कितीही फिरवली तरी योग्य जागा सापडत नाही. ॲम्बेसेडरच्या शाफ्टची खाच मध्यापासून सरकलेली असते. तिथं डिस्ट्रिब्युटर एकाच प्रकारे बसतो, म्हणून ही चूक टळते.

यावर गॅरेजात होणारा नेहमीचा इलाज म्हणजे आयडलचा स्क्रू आवळणं. आरपीएम वाढतात, गाडी बंद पडायची थांबते आणि ग्राहक खूश होऊन जातो. ही दुरुस्ती मला मुळीच मान्य नाही, कारण चुकलेलं टायमिंग तसंच राहतं. कानानं टायमिंग लावण्याचंही तेच. ठिणगी थोडी लवकर पडली, की रिकाम्या इंजिनाचा आवाज जोमदार होतो आणि कानाला तेच बरं वाटतं. पण भर उन्हात, चढावर, भरल्या गाडीत तेच इंजिन ठोकू लागतं. म्हणून टायमिंग तपासावं ते टायमिंग लाइटनंच. तो लावताना इंजिन गरम हवं, आयडल गाडीच्या पुस्तकात दिलेलं हवं आणि पुस्तकात तसं सांगितलं असेल तर व्हॅक्यूमचा पाइप काढून त्याचं तोंड बंद केलेलं हवं. आरपीएम जास्त असतील तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली, वेगाबरोबर ठिणगी लवकर पाडणारी वजनं आधीच उघडतात आणि लाइट दाखवतो ते खोटं असतं.

दुसरा गैरसमज: भाग नवा आहे, म्हणजे आतलं सगळं ठीक असणार. पॉइंटच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये गॅप तुम्हालाच लावावा लागतो. ॲम्बेसेडरच्या लुकास पद्धतीच्या पॉइंटला तो साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असतो. नव्या पॉइंटचा कॅमवर घासणारा भाग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये झिजून बसतो, विशेषतः कॅमला ग्रीस लावलेलं नसेल तर. गॅप कमी होतो, त्याबरोबर टायमिंगही मागे पडतं. म्हणून पहिले आठ दिवस छान चाललेली गाडी नवव्या दिवशी रुसते. अशा वेळी माल खराब म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी फीलर गेज घालून बघावं.

याच डब्यात आणखी दोन जागा नजरेतून सुटतात. पॉइंटच्या प्लेटला अर्थ देणारी छोटी लवचीक वायर आतून तुटलेली असली, तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर व्हॅक्यूमनं प्लेट हलते आणि करंट तुटतो. स्वस्त रोटरमध्ये वरच्या पितळी पट्टीचा रिव्हेट खोल गेलेला असला, तर हजारो व्होल्टचा करंट प्लगकडे जायच्या ऐवजी प्लास्टिक भेदून थेट शाफ्टला उतरतो. रोटर दिसायला मात्र कोरा करकरीत.

आता उन्हाचं. पेट्रोलचे हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात, तेव्हा तापलेल्या बोनेटखाली पाइपात वाफ धरते ही गोष्ट खरीच. पण कंडेन्सर, कॉइल आणि इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरमधला इग्नायटर हेही गरम झाल्यावरच दगा देतात आणि थंड झाल्यावर काही झालंच नाही असे वागतात. काही प्रकारचे इग्नायटर बसवताना खाली उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावावी लागते. ती विसरली तर नवा भागही तापून थांबतो. पाण्याचं ओलं फडकं फ्युएल पंपावर टाकलं आणि दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली, यावरून वाफच होती असं ठरत नाही. त्या दहा मिनिटांत इग्नायटरही निवलेला असतो.

निर्णय लागतो तो गाडी बंद पडल्या क्षणी. एक जादा प्लग एचटी वायरला लावून इंजिनाच्या लोखंडावर घट्ट टेकवावा, पेट्रोलपासून दूर आणि हातात न धरता, मग दुसऱ्यानं स्टार्टर मारावा. ठळक निळी ठिणगी दिसली तर पेट्रोलच्या बाजूला वळावं. पिवळट, अशक्त किंवा अजिबात नसेल, तर फ्युएल पंपाला हात लावायचं कारण नाही. थंड झाल्यावर ही चाचणी करून काही कळत नाही.

प्लगच्या वायरी उलटसुलट लागल्यानं गाडी मध्येच बंद पडते, हे क्वचितच खरं असतं. मारुती ८०० मध्ये सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-२ आहे. त्यात दोन वायरी बदलल्या तर एकच सिलिंडर बरोबर पेटतो आणि गाडी चालतच नाही. पद्मिनी आणि ॲम्बेसेडरचा क्रम १-३-४-२. तिथं दोन वायरी चुकल्या तर गाडी थरथरत, फटाके फोडत तग धरू पाहते. चूक लपत नाही.

चावी सोडल्या सोडल्या इंजिन मरत असेल, तर दोष डिस्ट्रिब्युटरच्या बाहेर शोधावा. बॅलास्ट रेझिस्टर असलेल्या गाडीत स्टार्टर मारताना कॉइलला करंट दुसऱ्या वाटेनं मिळतो, चावी मागे आली की रेझिस्टरमधून. तो रेझिस्टर किंवा त्याची वायर तुटली असेल तर असंच होतं. नवी कॉइलही त्याच पद्धतीची हवी: बॅलास्टवाली साधारण दीड ओहमची, बिनबॅलास्टची सुमारे तीन ओहमची. दीड ओहमची कॉइल थेट १२ व्होल्टवर लावली तर ती तापते आणि पॉइंट जाळते.

जुना डिस्ट्रिब्युटर मात्र भंगारात लगेच देऊ नका. त्यातल्या वजनांच्या स्प्रिंगा तुमच्या इंजिनासाठी निवडलेल्या होत्या. बाहेरून तसाच दिसणारा नवा डिस्ट्रिब्युटर दुसऱ्या इंजिनाच्या मापाचा असू शकतो. जुना पुन्हा बसवून, टायमिंग लावून दोन दिवस चालवला आणि तरीही गाडी त्याच पद्धतीनं बंद पडली, तर दोष बहुधा नव्याचा नव्हता, असं समजावं.