भीमा-नीरेचे मासे आणि कर्नल साइक्स

अकलूजच्या किल्ल्याला लागून नीरा नदी वाहते आणि पुढे नीरा-नरसिंहपूर येथे ती भीमेला मिळते. या पाण्यातील माशांची नावे आमच्या वसतिगृहातील कित्येक मुलांना घरूनच ठाऊक असतात. शिंगाळा, कोळस, मळ्या, मरळ ही नावे त्यांना कोणा पाठ्यपुस्तकाने शिकविलेली नाहीत. ती आजोबांच्या जाळ्याबरोबर आणि आजीच्या चुलीबरोबर त्यांच्याकडे आली. परंतु यांपैकी काही नावे प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत लॅटिन नावांचा भाग होऊन बसली आहेत, हे फार थोड्यांना माहीत असते. ती हकिकत या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमध्ये झाला. कोवळ्या वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाले. १८१७ च्या खडकीच्या लढाईत ते होते. पेशवाईच्या अखेरीनंतर, १८२४ मध्ये, गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत त्यांची सांख्यिकी माहिती जमविण्याच्या कामावर नेमणूक झाली. दख्खनची जमीन, पिके, लोकसंख्या, हवामान यांची मोजदाद करावयाची, हे त्यांचे सरकारी काम. गावोगाव मुक्काम करीत असता त्यांनी पक्षी, पशू आणि मासे यांच्याही नोंदी केल्या. १८३१ मध्ये ते मायदेशी परतले आणि पुढील वर्षी दख्खनच्या पक्ष्यांवरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. माशांवरील लेखन १८३९ च्या सुमारास लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकांतून पुढे आले. चाळीसहून अधिक जातींचे वर्णन त्यात आहे.

या लेखनाचे वैशिष्ट्य समजण्यासाठी शास्त्रीय नामकरणाची रीत थोडी जाणून घेतली पाहिजे. प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव असते. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. अभ्यास पुढे गेला की प्राणी एका प्रजातीतून दुसरीत हलविला जातो आणि पहिला शब्द बदलतो. परंतु प्रथम वर्णन करणाऱ्याने दिलेला दुसरा शब्द सामान्यतः कायम राहतो. साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतील एका मोठ्या माशाला ‘बार्बस खुदरी’ असे नाव दिले. आज शास्त्रज्ञ त्याला ‘टॉर खुदरी’ म्हणतात. ‘बार्बस’ गेला, ‘खुदरी’ राहिला. हाच दख्खनचा महासीर.

‘खुदरी’ हा शब्द लॅटिनही नव्हे आणि ग्रीकही नव्हे. तो नदीकाठच्या माणसांच्या तोंडचा आहे. त्याचप्रमाणे ‘कोळस’, ‘मळ्या’ आणि ‘शिंगाळा’ ही नावेही त्यांनी थोड्याफार फरकाने तशीच उचलली. चाकणजवळ इंद्रायणीत सापडलेल्या एका माशाच्या नाकाडावर खोल खाच असते. त्याचे नाव त्यांनी ‘नुक्ता’ असे लिहिले. आपल्या कानाला त्यात ‘नकटा’ स्पष्ट ऐकू येतो. ही रीत त्यांनी प्रथम काढली, असे मात्र नव्हे. गंगेच्या माशांवर लिहिताना फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्येच रोहू, कटला यांसारखी देशी नावे घेतली होती. साइक्स यांनी तो मान मराठी बोलीला मिळवून दिला.

त्यांच्या कामात उणिवाही होत्या. चित्रे मापाबरहुकूम काढून घेण्याची त्यांनी काळजी घेतली. परंतु वर्णने त्रोटक राहिली आणि वर्णिलेल्या बहुतेक माशांचे नमुने मागे उरले नाहीत. परिणामी घोड नदीतील ‘मुसुल्ला’ नेमका कोणता मासा, याविषयी दीडशे वर्षांनंतरही अभ्यासकांत वाद होत राहिला. नोंद अपुरी राहिली की पुढच्या पिढ्यांना केवढे कष्ट पडतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

याहून मोठी उणीव आमच्या मनाला अधिक लागते. माशांची नावे छापली गेली. ती नावे सांगणाऱ्या माणसांची नावे मात्र शास्त्राच्या नामावलीत आली नाहीत. साइक्स यांनी काही जातींना लंडनमधील विद्वान मित्रांची नावे दिली. भीमेवरील पेडगावच्या एका माशाला लाभलेले ‘विगोर्सी’ हे नाव त्यांपैकीच. ज्यांनी पाण्यात उतरून मासा धरला, त्याच्या सवयी सांगितल्या, त्या भोई-कोळ्यांपैकी कोणाचे नाव असे माशाला लाभले नाही. ज्ञान त्यांचे होते; लेखणी दुसऱ्याच्या हाती होती.

साइक्स यांची जिज्ञासा माशांवर थांबली नाही. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेखांकडे त्यांनी विद्वानांचे लक्ष वेधले. १८४१ मध्ये त्यांनी चिनी भिक्षू फाहियान यांच्या प्रवासवर्णनाच्या आधारे प्राचीन भारताच्या स्थितीवर विस्तृत निबंध लिहिला आणि त्या काळातील बौद्ध धम्माचे महत्त्व मांडले. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष व पार्लमेंटचे सभासद झाले. १६ जून १८७२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज त्या नद्या पूर्वीच्या राहिलेल्या नाहीत. नीरेच्या खोऱ्यात भाटघर व वीर ही धरणे झाली. भीमेवर १९८० मध्ये उजनी पूर्ण झाले. त्या पाण्याने आमच्या तालुक्यात ऊस उभा केला, हे आम्ही विसरत नाही. परंतु महासीरासारख्या माशांना वाहते, खडकाळ पात्र लागते. संथ पाणी चिलापीला मानवते. १९५२ मध्ये भारतात आणलेला हा परदेशी मासा आज उजनीच्या जाळ्यांत भरभरून येतो. मासा दिसेनासा झाला की त्याचे नावही उच्चारातून जाते. लोणावळ्यास टाटा वीज कंपनीच्या केंद्रात महासीराची पैदास करण्याचे प्रयत्न झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण नावांची पैदास कोणत्याही केंद्रात होत नाही.

२०१६ मध्ये संशोधकांनी गळ्याला रंगीत पंखा असणाऱ्या सरड्यांसाठी नवी प्रजाती स्थापिली आणि तिला ‘सरडा’ हेच नाव दिले. म्हणजे मराठी शब्दाला शास्त्रात अजूनही जागा आहे.

म्हणून आमची विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. सुटीत घरी गेल्यावर एक वही घ्यावी. घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेल्या माशांची नावे तीत लिहावी. तो मासा कोठे मिळे, कोणत्या महिन्यात मिळे, शेवटचा केव्हा पाहिला, हेही लिहावे. आणि प्रत्येक नोंदीखाली ती सांगणाऱ्या माणसाचे पूर्ण नाव न चुकता लिहावे. साइक्स यांच्या निबंधात ती ओळ राहून गेली आहे.