ठरावापलीकडचा सन्मान

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या विधिमंडळाचे नियमित अधिवेशन दर दोन वर्षांनी, विषम सनात, जास्तीत जास्त १४० दिवस भरते. कायदे आणि अर्थसंकल्प यांच्या धांदलीतही तेथे एक हृद्य प्रथा पाळली जाते. लोकसेवा करणाऱ्या एखाद्या संस्थेला पंचवीस वा पन्नास वर्षे पूर्ण झाली, की तिच्या अभिनंदनाचा ठराव मांडला जातो. अशा ठरावाने निधी मिळत नाही, की कोणता हक्कही निर्माण होत नाही. मग त्याचे मोल ते काय? याच राज्यातील ह्यूस्टन शहरातील एका पुनर्वसन रुग्णालयाची वाटचाल पाहिली, की या प्रश्नाचे उत्तर मिळते.

पोलिओच्या साथीत शेकडो मुले पंगू होत होती आणि कित्येकांचा श्वास ‘लोखंडी फुप्फुस’ म्हटल्या जाणाऱ्या यंत्रावर चालत होता, त्या काळात डॉ. विल्यम स्पेन्सर ह्यूस्टनमध्ये या रुग्णांची सेवा करीत होते. १९५५ साली पोलिओची लस आली आणि साथ ओसरू लागली. परंतु रुग्णसेवेतून हाती आलेले ज्ञान वाया जाऊ द्यायचे नाही, असा त्यांचा निर्धार होता. १९५९ साली ‘टेक्सास इन्स्टिट्यूट फॉर रिहॅबिलिटेशन अँड रिसर्च’, म्हणजेच ‘टिर’, ही संस्था उभी राहिली. मज्जारज्जू किंवा मेंदूला इजा झालेल्या रुग्णांसाठी तिची दारे उघडली. प्राण वाचले म्हणजे उपचार संपले, असे तेथे मानले गेले नाही. रुग्ण पुन्हा संसारात आणि कामधंद्यात परतला पाहिजे, हे तेथील ध्येय होते.

लेक्स फ्रीडन हा तरुण १९६७ मधील मोटार अपघातानंतर येथेच उपचार घेऊन बाहेर पडला. शरीर सावरले, पण चाकाच्या खुर्चीत बसतो म्हणून एका विद्यापीठाने त्याला प्रवेश नाकारला. रुग्णालयाने बरे केलेल्या माणसाला समाजानेच दारात अडवले होते! पुढे फ्रीडन अपंगांविषयीच्या राष्ट्रीय परिषदेचे कार्यकारी संचालक झाले. त्या परिषदेने १९८६ साली एका व्यापक कायद्याची शिफारस केली आणि २६ जुलै १९९० रोजी तो कायदा अमेरिकेत संमत झाला. त्या कायद्याने अपंगांसाठी केवळ सरकारी कचेऱ्यांचीच नव्हे, तर खाजगी दुकाने आणि उपाहारगृहे यांचीही दारे खुली केली.

आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. जानेवारी २०११ मध्ये ॲरिझोनाच्या लोकप्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या डोक्यात गोळी लागली. वाणी हरपली, उजवे अंग दुबळे झाले. टिरमध्ये महिनोन्महिने त्या एकेक शब्द, एकेक पाऊल नव्याने शिकल्या. १ ऑगस्ट २०११ रोजी त्या मतदानासाठी वॉशिंग्टनच्या सभागृहात अवतरल्या, तेव्हा पक्षभेद विसरून सर्व सदस्य उभे राहिले. टाळ्यांचा तो कडकडाट त्यांच्या धैर्यासाठी होता. ज्या हातांनी त्यांना पुन्हा उभे केले, त्यांचाही तो सन्मान होता. असा ठराव कोणत्या कागदावर लिहिता येईल?

आपल्याकडेही मुंबईत हाजीअली येथे १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था कार्यरत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यतेची जबाबदारी खाजगी सेवादात्यांवरही टाकली आहे. रुग्णालयांना देणगी देण्यात आपली व्यापारी कुटुंबे कधी मागे राहिली नाहीत. परंतु त्याच रुग्णालयातून बरा होऊन आलेला माणूस आपल्या पेढीच्या तीन उंच पायऱ्यांपाशी थांबला, तर आपले दान अर्ध्या वाटेवरच राहिले म्हणायचे. त्या पायऱ्यांशेजारी एक सौम्य उतार बांधणे, हाही पुनर्वसनाच्या कार्याला दिलेला अभिनंदनाचा ठरावच होय. आणि तो संमत करण्यासाठी कोणत्याही अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही.